रेझ्युमे पैसे देऊन लिहून घ्यावा का? ठरवण्याआधी करायची कामं

काही वर्षांपूर्वी मी एका जागेसाठी उमेदवार निवडणाऱ्या समितीत होतो. समोर तीसेक रेझ्युमे पडलेले. त्यातल्या दोघांचा वरचा परिच्छेद शब्दन् शब्द सारखा निघाला. दोघंही 'ध्येयनिष्ठ, गतिमान आणि परिणामांवर लक्ष ठेवणारे'. ते एकमेकांना ओळखतही नव्हते. दोघांनी पैसे मोजून रेझ्युमे लिहून घेतला होता, एवढाच काय तो संबंध. एकाचा खालचा मजकूर बरा वाटला म्हणून त्याला बोलावलं. ''खरेदीची पद्धत तुम्ही नव्याने बसवली असं लिहिलंय, आधी ती कशी चालायची?'' असं विचारल्यावर तो स्वतःच्याच कागदाकडे परक्याचं पत्र वाचावं तसा बघत राहिला.

याच्या अगदी उलटं उदाहरणही मी घरात पाहिलंय. माझ्या एका नातेवाईक बाईंनी एकाच संस्थेत १९ वर्षं काढली. नोकरी बदलायची वेळ आली तेव्हा ''मी काय, ऑफिस सांभाळत होते'' यापलीकडे त्यांना स्वतःबद्दल एक ओळ सुचेना. त्यांनी ज्या बाईंना रेझ्युमेचं काम दिलं, त्यांनी दीड तास नुसते प्रश्न विचारले. त्यातून निघालं की माझ्या नातेवाईक बाई ऑफिस सांभाळता सांभाळता सहा जणांचं वेळापत्रक, वर्षाचं अंदाजपत्रक आणि तीन स्थलांतरं एकहाती पार पाडत होत्या. ते पैसे वसूल झाले.

म्हणजे सेवा चांगली की वाईट, हा प्रश्न नंतरचा. तुमचं गाडं नेमकं कुठे रुतलंय हे आधी कळायला हवं. खालच्या पायऱ्या त्या क्रमाने लावल्या आहेत. पहिल्या चार पायऱ्यांना वेळ लागतो, पैसा लागत नाही. माझा अंदाज असा की वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पाचव्या पायरीपर्यंत जावंच लागणार नाही.

पायरी १: अर्जांचा हिशेब मांडा

गेल्या दोन-तीन महिन्यांत जिथे जिथे अर्ज केला, ते सगळं एका तक्त्यात उतरवा. तारीख, पद, अर्ज कसा केला (नोकरीच्या साइटवरून, कंपनीच्या साइटवरून, की ओळखीतून), जाहिरातीतल्या मुख्य अटींपैकी किती तुम्ही खरोखर पूर्ण करता, आणि पुढे काय झालं. शेवटच्या दोन रकान्यांत स्वतःशी खोटं बोलू नका. कंटाळवाणं काम आहे, पण दुखण्याचं निदान याच कागदावर होतं.

मुलाखती होतात पण निवड होत नाही, असं चित्र असेल तर रेझ्युमेने त्याचं काम केलेलं आहे. तो तुम्हाला दारापर्यंत घेऊन गेला. आता पैसे खर्चायचेच असतील तर मुलाखतीच्या सरावावर खर्चा. एचआरचा पहिला फोन येतो आणि तिथेच विषय संपतो, असं होत असेल तर पगाराची अपेक्षा, नोटीस पीरियड किंवा कामाचं ठिकाण यापैकी काहीतरी आडवं येत असतं. कितीही सुंदर रेझ्युमे लिहून घेतला तरी नोटीस पीरियड कमी होत नाही.

कुठूनच काही उत्तर नाही, आणि अटींच्या रकान्यात निम्म्याहून कमी अटी पूर्ण होताना दिसतात? मग नेम चुकतोय. अटी बऱ्यापैकी पूर्ण होत असूनही वीस-पंचवीस अर्जांनंतर सामसूम असेल, तरच संशयाची सुई रेझ्युमेकडे वळवावी. ओळखीतून केलेल्या अर्जांना बोलावणं येतं आणि साइटवरून केलेल्यांना येत नाही, हाही एक नेहमीचा नमुना. तिथे उपाय स्वस्त आहे, ओळखीचे अर्ज वाढवायचे.

आणि मुळात अर्जच सात-आठ केले असतील, तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

पायरी २: 'मशीन तुमचा रेझ्युमे फेकून देतं' ही भीती तपासून घ्या

रेझ्युमे लिहून देणाऱ्यांच्या जाहिरातींत एक वाक्य हमखास भेटतं, की ७५ टक्के रेझ्युमे माणसाच्या नजरेला पडण्याआधीच सॉफ्टवेअर बाद करतं. हा आकडा वर्षानुवर्षं एका लेखातून दुसऱ्या लेखात फिरतो आहे, पण त्याच्यामागे तपासून बघता येईल असा अभ्यास कोणी दाखवत नाही. भीती विकायला मात्र तो फार सोयीचा.

खरी गोष्ट याहून साधी आहे. मोठ्या कंपन्या अर्जांच्या नोंदीसाठी एटीएस म्हणजे अर्ज सांभाळणारी प्रणाली वापरतात. वर्कडे, टॅलिओ, ग्रीनहाउस ही त्यातली नावाजलेली नावं. ही प्रणाली तुमच्या फाइलमधला मजकूर उचलून नाव, पदं, तारखा, शिक्षण अशा खणांत भरायचा प्रयत्न करते. मग भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो, गाळण्या लावतो, यादी बघतो. काही प्रणाली जाहिरातीशी जुळणी करून क्रमही लावतात. आपोआप नकार येतो तो बहुतेकदा अर्जाच्या फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे. 'या देशात काम करण्याचा परवाना आहे का?', 'अमुक परवानाधारक आहात का?' तिथे 'नाही' म्हटलं की विषय संपला, मग रेझ्युमे कोणीही लिहिलेला असो.

मजकूर उचलताना गडबड होऊ शकते हे मात्र खरं, आणि ती घरबसल्या तपासता येते. रेझ्युमेची पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडसारख्या साध्या फाइलमध्ये टाका. ओळी क्रमाने आल्या, तारखा आपापल्या नोकरीशेजारी राहिल्या, फोन नंबर जागेवर दिसला, तर काळजीचं कारण नाही. दोन रकान्यांची मांडणी असेल तर डावी-उजवी ओळ एकमेकींत मिसळलेली सापडेल. टेबल आणि टेक्स्ट बॉक्स असाच घोळ घालतात. नाव-नंबर पानाच्या हेडरमध्ये टाकला असेल तर काही प्रणालींना तो दिसतच नाही. आणि कागद स्कॅन करून केलेल्या पीडीएफमधून कदाचित एक अक्षरही निवडता येणार नाही. कौशल्यांपुढच्या त्या रंगीत पट्ट्या, 'एक्सेल: पाचपैकी चार तारे', त्या तर माणसालाही काही सांगत नाहीत. पाचवा तारा कुठे हरवला, असं विचारावंसं वाटतं.

ही दुरुस्ती एका संध्याकाळची आहे. तेवढ्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

माणूस किती वेळ बघतो, याबद्दलचा एक आकडा मात्र मोजून काढलेला आहे. लॅडर्स या नोकरीविषयक सेवा देणाऱ्या कंपनीने भरती करणाऱ्यांच्या नजरेचा माग यंत्राने घेतला. २०१२ साली पहिल्या चाळणीला साधारण ६ सेकंद लागतात असं दिसलं, २०१८ साली ७.४ सेकंद. अभ्यास करणारी कंपनी याच धंद्यातली, तेव्हा आकडा दशांश चिन्हापर्यंत मनावर घेऊ नये. पण नजर आधी पदनामं, कंपन्या आणि तारखांवरून फिरते, हे माझ्याही अनुभवाशी जुळतं. तीस रेझ्युमे समोर असताना मीही आधी तेच बघायचो. वरच्या परिच्छेदातली विशेषणं नंतर, वेळ उरला तर.

पायरी ३: कच्चा माल गोळा करा

ही पायरी कोणालाच चुकत नाही. स्वतः लिहा नाहीतर लिहून घ्या, माल तुमचाच लागणार. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? लिहिणाऱ्याला तुमची नोकरी माहीत नाही, तुमचा साहेब माहीत नाही, त्या वर्षी टीममधले निम्मे लोक सोडून गेले होते हे माहीत नाही. तुम्ही चार ओळी दिल्या तर तो त्या चार ओळींना झालर लावेल, त्यापलीकडे काय करणार?

बसताना नुसत्या आठवणीवर विसंबू नका. जुनी वार्षिक मूल्यमापनं उघडा, आभाराचे ईमेल शोधा, कॅलेंडर मागे सरकवा, सादरीकरणाच्या फाइली चाळा. मग प्रत्येक नोकरीसाठी या प्रश्नांची उत्तरं मोडक्यातोडक्या भाषेत लिहून काढा. मी आलो तेव्हा परिस्थिती काय होती? गेलो तेव्हा काय होती? आठवडाभर सुट्टीवर असलो की काय अडून राहायचं? कोणत्या कामासाठी लोक मुद्दाम माझ्याकडेच यायचे? कोणती चूक मी वेळीच पकडली? किती माणसं, किती फाइली, किती ग्राहक, किती दिवस?

गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे एकेकाळचे प्रमुख लाझलो बॉक यांनी एक साचा सुचवला होता. काय साधलं, ते कशाने मोजलं आणि कसं केलं, हे तिन्ही एका ओळीत यायला हवं. साचा म्हणून तो उत्तम आहे. 'ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे' ही ओळ त्यात घालून बघू. समजा तुम्ही तक्रारींची कारणवार विभागणी केली, वारंवार येणाऱ्या पाच तक्रारींना तयार उत्तरं लिहून दिली आणि उत्तर द्यायला लागणारा वेळ तीन दिवसांवरून एका दिवसावर आला. मग ओळ अशी होईल: 'नेहमीच्या पाच तक्रारींची तयार उत्तरं बसवून ग्राहकांना उत्तर देण्याचा वेळ तीन दिवसांवरून एका दिवसावर आणला.' यात एकही भारी शब्द नाही. तरी वाचणारा थांबतो.

आकडाच नाही अशीही कामं असतात. तिथे आकडा बनवू नका. कामाचा आवाका लिहा, किती वेळा करायचात ते लिहा, आधी-नंतर काय फरक पडला ते लिहा. 'दर महिन्याचे हिशेब कधीही उशिरा गेले नाहीत' हेही मोजमापच आहे, ते खरं असेल तर. आणि जुन्या कंपनीच्या गोपनीय गोष्टी, ग्राहकांची नावं, आतले भाव, हे कागदावर आणताना हात आखडता घ्या. नवा मालक ते वाचून खूश होत नाही. उद्या हा माणूस आमच्याही गोष्टी असाच छापेल, हे त्याच्या मनात येतं.

हे सगळं मिळून सात-आठ पानं होतील. होऊ द्या.

पायरी ४: दोन रविवार स्वतः प्रयत्न करून बघा

तुम्हाला हव्या त्या पदाच्या आठ-दहा जाहिराती जमवा. ज्या अपेक्षा पुन्हा पुन्हा येतात त्यांच्याखाली रेघ मारा. आता तुमच्या सात-आठ पानांतून त्या अपेक्षांना उत्तर देणाऱ्या गोष्टी निवडा आणि त्या पहिल्या पानाच्या वरच्या भागात आणा. बाकीचं छाटा. छाटताना जीव तुटतो. पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आपल्याला प्रिय असतं, वाचणाऱ्याला नसतं.

मग तुमच्याच क्षेत्रातल्या, पण तुमच्या रोजच्या कामाची माहिती नसलेल्या एखाद्या अनुभवी माणसाला ते पान अर्धा मिनिट दाखवा आणि काढून घ्या. विचारा: मी काय काम करतो? कोणत्या पातळीवर? मी केलेली एखादी चांगली गोष्ट सांगता येईल? तिन्ही उत्तरं बरोबर आली तर हा लेख इथेच मिटवून अर्ज करायला लागा. पहिलं उत्तरच अडखळत आलं, तर लिखाणाची अडचण खरी आहे.

चॅटबॉटचं काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून ओळी घासूनपुसून देणारा मदतनीस सगळ्यांच्या हाताशी आला आहे. लांबलेली वाक्यं आखूड करणं, व्याकरण तपासणं, जाहिरातीतली कोणती अपेक्षा राहून गेली ते सांगणं, यासाठी तो कामाचा आहे. मात्र तो न सांगितलेले आकडे बेमालूम घालतो, आणि त्याच्या हातून आलेले सगळे परिच्छेद एकाच चवीचे लागतात. त्याला मजकूर देताना फोन नंबर, पत्ता, जन्मतारीख काढून टाका. आणखी एक गोष्ट: तुम्ही ज्याला पैसे देणार आहात तोही कदाचित हेच वापरत असेल. तेव्हा त्याला सरळ विचारायला हरकत नाही.

पायरी ५: तुम्ही कोणत्या गटात बसता?

क्षेत्र बदलणाऱ्यांना बाहेरच्या माणसाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो असं मी पाहिलं आहे. शिक्षकाला प्रशिक्षण विभागात जायचं असतं, लष्करातून निवृत्त झालेल्याला कंपनीत पुरवठ्याचं काम हवं असतं. काम येत असतं, पण ते सांगायची भाषा जुन्या क्षेत्राची असते. दोन्हीकडच्या बोली माहीत असलेला माणूस इथे खरोखर दुभाषाचं काम करतो. तसंच दीर्घ खंडानंतर परतणारे, एकाच ठिकाणी दोन दशकं काढलेले, आणि एकदम वरच्या पदांवर जाऊ बघणारे. वरच्या पदांसाठी अडचण वेगळी असते. सांगण्यासारखं इतकं असतं की काय गाळायचं हे स्वतःला ठरवता येत नाही.

दुसऱ्या देशात अर्ज करणाऱ्यांनीही जाणकार शोधावा, कारण रिवाज फार वेगळे असतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये रेझ्युमेवर फोटो लावत नाहीत. जर्मनीत तो लावण्याची पद्धत अजून बरीच दिसते. युरोपीय संघाने २००४ मध्ये युरोपास नावाचा एकसारखा नमुना आणला आणि २०२० मध्ये त्याची साइट नव्याने उभी केली. तो फुकट आहे, पण सगळ्या खासगी कंपन्यांना आवडतोच असं नाही. अमेरिकी केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी चार-पाच पानी रेझ्युमे देण्याची रीत वर्षानुवर्षं होती. २०२५ मध्ये तिथे दोन पानांची मर्यादा आली. अशा बदलांची खबर नसलेला 'तज्ज्ञ' तुमचं नुकसान करू शकतो, तेव्हा त्या देशासाठी त्याने अलीकडे काय लिहून दिलंय ते विचाराच.

आणि एक गट आहे स्वतःची स्तुती न जमणाऱ्यांचा. आपल्यात 'मी केलं' लिहिताना कित्येकांचा हात थरथरतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, खुद्द लिओनार्दो दा विंचीचं उदाहरण आहे. १४८२च्या सुमारास त्याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे काम मागणारा एक मसुदा तयार केला. कोडेक्स अटलांटिकस या त्याच्या कागदपत्रांच्या संग्रहात तो आजही आहे. त्यातलं हस्ताक्षर लिओनार्दोचं नाही, दुसऱ्या कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं आहे. पण मजकूर बघा. हलवता येणारे पूल, किल्ले फोडायच्या युक्त्या, तोफा, चिलखती गाड्या. युद्धाच्या तयारीत असलेल्या सत्ताधीशाला जे हवं ते आधी. चित्रकला येते, हे अगदी शेवटाकडे, जाता जाता. हात दुसऱ्याचा असला तरी काय सांगायचं आणि कोणत्या क्रमाने, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

कोणाला फारसा फायदा नाही? नुकतंच शिक्षण संपवलेल्यांना. एका पानात मावेल एवढाच मजकूर असतो, तो शाळा-कॉलेजच्या मार्गदर्शकांकडून किंवा एक-दोन वर्षं पुढे असलेल्यांकडून फुकटात सुधारून मिळतो. संशोधन आणि अध्यापनातल्यांना. त्यांचा सीव्ही प्रकाशनांच्या यादीवर चालतो आणि त्याचे रिवाज त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांनाच नीट माहीत असतात. डिझाइनमध्ये केलेलं काम बघतात, छायाचित्रणात चित्रं. तिथे रेझ्युमे हा फक्त पत्त्याचा कागद असतो.

अर्जाची भाषा कच्ची आहे म्हणून लिहून घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. चुका सुधारून घेणं योग्यच. पण कागदावर अस्खलित आणि मुलाखतीत अडखळत, हे अंतर समोरच्याला पाचव्या मिनिटाला कळतं. तुम्ही बोलता त्याहून एकच पायरी वरची भाषा ठेवा, तीन पायऱ्या नको.

पायरी ६: पैशाचं गणित

विक्रेता सांगतो, ''नोकरी एक महिना लवकर लागली तर फी वसूल.'' गणित बरोबर आहे, गृहीतक गळकं आहे. नोकरी फक्त रेझ्युमेमुळे अडली होती असं त्यात धरलेलं असतं. तुमचा पहिल्या पायरीवरचा तक्ता तसं म्हणतोय का, ते बघा. माझा ढोबळ नियम असा: हातात येणाऱ्या पगाराच्या चार-पाच दिवसांहून जास्त रक्कम यावर घालू नये. पगारच बंद असेल तर यासाठी उसने पैसे अजिबात घेऊ नयेत. त्या स्थितीत फक्त तपासणी करून घ्या, किंवा एका तासाचा सल्ला. बरेच चांगले लेखक असं सुटं काम करतात. आणि पायरी ३ची सात-आठ पानं घेऊन गेलात तर त्या एका तासात पुष्कळ पदरात पडतं.

पायरी ७: माणूस निवडणं

या व्यवसायाला डॉक्टर-वकिलांसारखा परवाना लागत नाही. कोणीही पाटी लावू शकतो. प्रमाणपत्रं देणाऱ्या खासगी संघटना आहेत. अमेरिकेतली रेझ्युमे लेखकांची पीएआरडब्ल्यूसीसी ही संघटना सीपीआरडब्ल्यू हे प्रमाणपत्र देते. ते असलं तर माणसाने परीक्षा दिली आहे एवढं कळतं. तुमचं क्षेत्र त्याला कळतं की नाही, हे त्यावरून कळत नाही.

पहिल्या बोलण्यात एकच गोष्ट नीट ऐका: तो सांगतोय जास्त की विचारतोय जास्त? ''माहिती कशी गोळा करता?'' हा माझा पहिला प्रश्न असतो. उत्तर 'एक फॉर्म पाठवतो, तो भरा' एवढंच असेल तर तुमच्याच ओळी रंग लावून परत येणार. निदान पाऊण तास प्रत्यक्ष बोलणं हवं. त्यानंतर विचारा की मी ज्याच्याशी बोलतोय तोच लिहिणार का. मोठ्या सेवांमध्ये फोनवर गोड बोलणारा वेगळा आणि कुठेतरी बसून दिवसाला पाच रेझ्युमे उडवणारा वेगळा असू शकतो.

नमुने मागा, एक नको, तीन. नावं झाकलेली असावीत. न झाकता पाठवले तर तिथूनच परत फिरा, उद्या तुमचाही कागद असाच फिरेल. तिन्ही शेजारी ठेवून वाचा. तीन वेगळी माणसं दिसतात की एकाच साच्यातल्या तीन मूर्ती? सुरुवातीला सांगितलेले ते दोन जुळे परिच्छेद आठवा.

काही खुणा दिसल्या की पैसे खिशातच ठेवा. 'नोकरीची हमी', 'एचआरमध्ये आतली ओळख', 'सगळ्या एटीएसमधून शंभर टक्के पास'. अशी हमी कोणी देऊ शकत नाही. 'मुलाखतीची हमी' असेल तर बारीक अक्षरं वाचा. बहुतेक ठिकाणी तिचा अर्थ पुन्हा लिहून देऊ एवढाच निघतो. अशा सेवा रेझ्युमेची मोफत तपासणी करून देतात, तिचा निकालही जपून घ्या. ज्या दुकानात चष्मा विकतात तिथे नजर मोफत तपासली तर नंबर निघतोच. उत्सुकता असेल तर एखाद्या अनुभवी माणसाने उत्तम म्हटलेला रेझ्युमे तिथे टाकून बघा, काय शेरा येतो ते.

सध्या एक उघड फसवणूकही चालते. भरती करणारा म्हणून कोणीतरी संदेश पाठवतो, जागा तुमच्यासाठीच असल्याचं सांगतो, आणि मग ''रेझ्युमे सिस्टिममध्ये बसत नाहीये, या अमुक तज्ज्ञाकडून करून घ्या'' म्हणून नाव देतो. तो 'तज्ज्ञ' त्याचाच माणूस असतो. खऱ्या भरती करणाऱ्याचे पैसे कंपनी देते, तो तुम्हाला कोणाच्या दुकानात पाठवत नाही.

ठरलं, की या गोष्टी लेखी घ्या: किती दिवसांत पहिला मसुदा, किती वेळा दुरुस्ती, बदल करता येईल अशी वर्ड फाइल मिळणार की फक्त पीडीएफ, काम सोडलं तर किती पैसे परत, तुमचा रेझ्युमे नमुना म्हणून वापरणार का, आणि काम झाल्यावर तुमची माहिती पुसणार का. यातली वर्ड फाइल विसरू नका. ती नसेल तर पुढच्या वर्षी एक ओळ वाढवायलाही पुन्हा त्याच दारात उभं राहावं लागतं.

पायरी ८: मसुदा हाती आल्यावर

पहिल्यांदा वाचताना आपण बहुधा हरखून जातो. हा मी आहे? म्हणून त्या दिवशी होकार कळवू नका. दुसऱ्या दिवशी लाल पेन घ्या आणि प्रत्येक ओळीवर दोन मिनिटं मोठ्याने बोलून बघा: हे कधी केलं, का केलं, कोण कोण होतं, काय बिघडलं होतं. ज्या ओळीवर तोंड उघडत नाही ती काढून टाका, कितीही झकास असली तरी. 'सहभाग घेतला' चं 'नेतृत्व केलं' झालंय का, ते खास बघा. लिहिणाऱ्याला ही सवय असते आणि मुलाखतीत नेमका तोच शब्द उचलला जातो. पदनाम आणि तारखा नेमणूकपत्राशी ताडून घ्या. नोकरीच्या पडताळणीत त्या तपासल्या जातात, आणि चूक लेखकाची होती हे उत्तर तिथे चालत नाही. कागदाखाली सही नसली तरी जबाबदारी तुमचीच.

मग नोटपॅडची आणि अर्ध्या मिनिटाची, दोन्ही चाचण्या पुन्हा. पैसे देऊन घेतलेल्या सुबक मांडणीतही दोन रकाने सापडतात.

नवा रेझ्युमे लावून आधीसारख्याच पदांसाठी पंधरा-वीस अर्ज करा आणि त्याच तक्त्यात नोंदत जा. एवढ्याशा आकड्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही. तरी शून्याचे तीन फोन झाले तर काहीतरी हललं म्हणायचं, आणि शून्याचं शून्यच राहिलं तर दुसरीकडून तिसरा रेझ्युमे लिहून घेण्याआधी पायरी १च्या रकान्यांकडे परत जा.

जुना रेझ्युमे मात्र फेकून देऊ नका. ज्या कंपन्यांकडे तो पूर्वी पाठवला आहे, त्यांच्या प्रणालीत तो बहुधा अजून पडून असतो. तिथे पुन्हा अर्ज केला की भरती करणाऱ्याला दोन्ही प्रती शेजारीशेजारी उघडता येतात. तिथे नवा पाठवण्याआधी दोन्हीतल्या तारखा आणि पदनामं एकदा जुळवून बघा.